मी बसलो की कलणारी गाडी

माझी गाडी उजवीकडे कलते, हे मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

पहिल्यांदा सांगितलं आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी. ते रोज सकाळी आवारात फेऱ्या मारतात आणि मारता मारता कुणाचं काय चुकलंय ते बघतात. त्यांनी गाडीच्या काचेवर टकटक केली.

"काटेकाका, गाडी कललीय तुमची."

मी आतला स्टोव्ह बंद केला, खाली उतरलो, गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. एक डोळा मिटून पाहिलं, दोन्ही उघडे ठेवून पाहिलं. गाडी सरळ होती.

"कुठे कललीय?"

"आता नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मघाशी होती."

आता गाडी म्हणजे काही माणूस नाही, मघाशी वाकलेला आणि कुणी बघतंय म्हटल्यावर ताठ झालेला. मी तसं बोललोही. ते म्हणाले, "मी आपलं जे दिसलं ते सांगितलं," आणि पुढच्या फेरीला गेले.

मला राग आला त्याला कारण आहे. माझी सगळी नोकरी वजनकाट्यावर गेली. रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, भरलेला घ्यायचा, वजा करायचं, पावती द्यायची. म्हणून तर लोक मला काटेकाका म्हणतात. गाडीत माल एका अंगाला जास्त भरला असेल तर मला ती फाटकातून आत वळतानाच कळायचं. चालक खाली उतरून भांडायचे, पुन्हा वजन करायचे आणि गप्प बसायचे. अशा माणसाला त्याची स्वतःची गाडी कललीय म्हणून सांगणं म्हणजे शिंप्याला सदरा उलटा घातलाय म्हणून सांगण्यासारखं आहे.

गाडीचं थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी माझी बायको गेली. तेव्हापासून मुलगी मला तिच्याकडे राहायला बोलावते आहे. बोलावते म्हणजे, नेणार आहे. जावयांनी एक खोली रिकामी करून रंगवूनही घेतली. न्हाणीघरात भिंतीला धरायला कठडा बसवला. मी अजून एकदाही पडलेलो नाही, पण कठडा तयार आहे. मला तिथे जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातही बसवत नव्हतं. अशात गॅरेजच्या बाहेर एक जुनी व्हॅन विकायला लावलेली दिसली. पूर्वी ती बेकरीचा माल पोचवायची. मी मागचं दार उघडलं, आत बसून पाहिलं. पावाचा वास येत होता. माझ्या डोक्यात एक प्रश्न आला: एका माणसाला जगायला नक्की काय काय लागतं, आणि ते सगळं एवढ्या जागेत बसतं का? बरेच महिने मला कसलाच प्रश्न पडला नव्हता. म्हणून गाडी घेतली.

मुलगी परीक्षा मंडळात आहे. तिने भांडण केलं नाही, अट घातली.

"एक आठवडा आवारातच गाडी लावून त्यात राहायचं. पाणी, वीज, गॅस, सगळं गाडीतलं. कुणाकडे काही मागायचं नाही. आणि गाडी वाहन कार्यालयातून राहण्याची गाडी म्हणून पास झाली पाहिजे. दोन्ही जमलं तर मी तुम्हाला पुन्हा कधी ये म्हणणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मुकाट्याने सामान बांधायचं. बाबा, मी यात सवलतीचे गुण देणार नाही."

ती देत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी बाहुल्यांची शाळा खेळायची तेव्हाही तिने अर्ध्या बाहुल्या नापास केल्या होत्या.

गाडी सजवायला लागल्यावर मला कळलं की आपल्या इमारतीत एवढे तज्ज्ञ राहतात. छतावर सोलर पॅनेल बसवत होतो तर खालून एक जण सांगत होता पूर्वेला तोंड करा, दुसरा सांगत होता पश्चिमेला. मी म्हटलं, अहो, गाडी आहे, ती वळते. पत्र्याच्या आत फोम लावला तेव्हा एकाने उन्हाळ्यात शिजाल म्हणून सांगितलं, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी हिवाळ्यात गारठाल म्हणाला. पॅनेलवर कबुतर बसलं की वीज कमी होते का, याचा मी स्वतः अभ्यास केला. होते. कबुतर मधे बसलं तर जास्त आणि कडेला बसलं तर कमी. हे मी सेक्रेटरींना सांगितलं तर ते माझ्याकडे काळजीने बघायला लागले.

वजनाचं गणित मात्र मी कुणालाही विचारलं नाही. ते मी कागदावर करत नाही, डोक्यातच होतं. उजवीकडे पाण्याची टाकी, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि गाडी चालवणारा मी. डावीकडे फ्रिज, गॅस, कपाट वगैरे. दोन्ही पारडी बरोबर जुळली. गाडीचं छत बुटकं, त्यामुळे आत उभं राहता येत नाही, सगळं बसूनच करायचं. म्हणून दोन्ही बाजूंना बाक, आणि मधे फळ्या टाकल्या की पलंग. सुताराने विचारलं, "दोन्हीकडे कशाला? तुम्ही एकटेच ना?" मी म्हटलं, "बाक दोन्हीकडेच असतात." त्याला मजुरी मिळणार होती, तो पुढे बोलला नाही.

मी उजव्या बाकावर राहायला लागलो. सिंक त्या बाकाला लागूनच, आणि त्याचं भोक डाव्या अंगाला.

पहिल्याच सकाळी कप विसळला आणि पाणी सिंकमध्येच बसून राहिलं. भोकाकडे जाईना. मी वाट पाहिली. काडी घातली. फुंकर मारली. पाणी माझ्याकडे आणि मी पाण्याकडे बघत बसलो. शेवटी पान्हा आणायला म्हणून खाली उतरलो, तर मागे गुडगुड असा आवाज आला. परत आत आलो तर सिंक कोरडं. हे रोज व्हायला लागलं. मी आत असेपर्यंत पाणी हलायचं नाही आणि मी उतरलो की निघून जायचं. माझ्याबद्दल एवढा आकस त्या पाण्याला का असावा, कळेना.

बाकी प्रयोग चांगला चालला होता. दाढीला एक भांडं पाणी पुरतं. आंघोळीला ओला पंचा पुरतो, मात्र दारं नीट लावावी लागतात, हे मला एका सकाळी शाळेची बस आवाराबाहेर थांबली तेव्हा समजलं. आणखी एक गोष्ट कळली. माणूस एकटा असला तरी भांडी एकाची पडत नाहीत. निम्मी होतील असं वाटलं होतं. जवळजवळ तेवढीच राहतात.

समोरच्या वहिनी रोज झाकलेलं ताट घेऊन यायच्या.

"घ्या हो, कुणाला कळतंय?"

"वहिनी, कुणाकडून घ्यायचं नाही अशी अट आहे."

"मागायचं नाही अशी अट आहे. मी आपणहून देतेय."

हा मुद्दा बिनतोड होता, पण मुलीला मी ओळखतो. मी नको म्हटलं. मग वहिनी ताट मांडीवर घेऊन डाव्या बाकावर बसायच्या आणि मी कसा उपाशी नाही ते बघायच्या. त्या बसल्या की सिंकमधलं पाणी गुडगुड करत जायचं.

"बघा," त्या म्हणाल्या, "माझा पायगुणच तसा आहे. आमच्याकडचा नळसुद्धा मी माहेरी गेले की तुंबतो."

मी यावर गंभीरपणे विचार केला, हे कबूल करतो. माणूस एकटा असला की असल्या गोष्टींवरही विचार करतो.

मग वाहन कार्यालयाचा दिवस आला. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी कागद पाहिले. "पाण्याची टाकी आहे? मग हा टँकर झाला. पलीकडे जा." पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "आत झोपायची सोय आहे? मग रुग्णवाहिका. पेशंट कोण?" मी म्हटलं, पेशंट नाही, मीच आहे. "म्हणजे तुम्हीच चालवणार आणि तुम्हीच पेशंट?" मागच्या रांगेत लोक हसले. तिसऱ्या खिडकीने गॅस आहे हे वाचून मला ज्वालाग्राही पदार्थांच्या रांगेत उभं केलं. तिथे माझ्यापुढे फटाक्यांचा एक टेम्पो होता. चहाच्या सुट्टीनंतर पहिल्याच खिडकीवर दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी "हं, राहण्याची गाडी" म्हणून शिक्का मारला आणि मला निरीक्षकांकडे पाठवलं.

निरीक्षक शांत माणूस होते. त्यांनी समोर उभं राहून गाडी पाहिली.

"काका, बसा बरं गाडीत." मी बसलो. "कलतेय." त्यांनी मान वाकडी केली. "उतरा." मी उतरलो. "सरळ झाली. बसा." मी बसलो. "उतरा."

असं बऱ्याच वेळा झालं. रांगेतले चालक आपापल्या गाड्या सोडून बघायला आले. एक म्हणाला, काकांचं वजन फार आहे. दुसरा म्हणाला, वजन कुठंय, वाऱ्याने उडतील. तिसऱ्याने मला डावीकडून चढून बघायला सांगितलं. मी चढलोही. कुणी काही सुचवलं की करून बघायचं, अशा थराला मी आलो होतो.

निरीक्षकांनी लिहिलं: चालक बसल्यास वाहन कलते. मग पेन टेकवून मला विचारलं, "चालकाशिवाय चालते का?"

"नाही साहेब."

"मग पास कशी करू? उद्या सरळ करून आणा. तात्पुरता परवाना उद्यापर्यंतच आहे. नंतर पुन्हा पहिल्या खिडकीपासून."

म्हणजे मुलीची अट तिथेच मोडली असती. मी तडक गॅरेजला गेलो. गॅरेजवाला खाली शिरला, स्प्रिंगचे पाटे ठोकून पाहिले, चाकं हलवून पाहिली. मग म्हणाला, "चला, चक्कर मारू. मी चालवतो, तुम्ही बाजूला बसा." चक्कर मारली. त्याने पोराला रस्त्याच्या कडेला उभं करून बघायला सांगितलं होतं. पोराने ओरडून सांगितलं, एकदम सरळ!

"काका," गॅरेजवाला हळू आवाजात म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही जरा मुलीकडे जाऊन आराम का करत नाही?"

मला त्याचं बोलणं लागलं. माझ्या वजनकाट्याच्या नोकरीत कुणी मला आराम करा म्हणून सांगितलं नव्हतं. पण बोलणं लागलं तरी प्रश्न तसाच होता, आणि मला तो सोडवेना. सेक्रेटरी बाहेरून बघतात तेव्हा कलते. निरीक्षक बघतात तेव्हा कलते. वहिनी आत असल्या की पाणी जातं. गॅरेजवाला असला की सरळ. मी एकटा असलो की कलते. मी सिग्नलला थांबलो होतो आणि हे जुळवत होतो. सिग्नल हिरवा झाला. घराचा रस्ता डावीकडे होता. मी सरळ वजनकाट्याकडे गेलो.

माझ्या जागेवर आता एक बाई आहेत. नोकरीला लागल्या तेव्हा मीच त्यांना काम शिकवलं होतं. त्यांनी खिडकीतून हात केला.

"काका, हे काय, भरून आलात की रिकामे?"

"तेच बघायचंय. एकेक बाजू घ्या."

याची रीत सोपी आहे. आधी फक्त उजवी चाकं काट्यावर घ्यायची, डावी बाहेर ठेवायची. मग उलट. मी दोन्ही वेळा चालकाच्या जागेवरच बसून राहिलो. बाईंनी खिडकीतून दोन आकडे ओरडून सांगितले.

मी वजाबाकी केली. सवयीने लगेच झाली. उजवी बाजू जेवढी जड होती तो आकडा मी इथे लिहीत नाही. तिला आवडलं नसतं. तिचं वजन फक्त तिला आणि मला माहीत होतं. रविवारी काट्यावर गाड्या नसायच्या तेव्हा ती माझा डबा घेऊन यायची, आणि डबा खाली ठेवून काट्यावर उभी राहायची. आमचा काटा ट्रकचा, माणसाचं वजन त्यावर बरोबर येत नाही, म्हणून मी आत छोट्या काट्यावर घ्यायचो. ती म्हणायची, थोडं कमी सांगा. मी कधी कमी सांगितलं नाही.

डावीकडे फ्रिज, गॅस, कपाट वगैरे, असं मी वर लिहिलं आहे. ते वगैरे म्हणजे ती होती. डोक्यात गणित करताना मी उजवीकडे मला धरलं आणि डावीकडे तिला. धरायचं की नाही असा विचारसुद्धा केला नव्हता.

"काका, फरक फार आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. काट्यावर फार वेळ थांबायचं नसतं, हे मीच लोकांना वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो. मी गाडी पुढे घेतली.

घरी आलो तर मुलगी आवारात उभी. परीक्षेचा आठवडा संपत आला होता, ती पाहणीला आली होती. सेक्रेटरी तिला हातवारे करून काहीतरी दाखवत होते. ते काय दाखवत होते ते मला आता माहीत होतं.

"पास झाली?" तिने विचारलं.

"नाही. उद्या शेवटची संधी आहे."

"का नाही झाली?"

खोटं बोलता आलं असतं. पाटे जुने आहेत म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं? पण वजनाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.

"मी हिशोबात तुझ्या आईचं वजन धरलं," मी म्हटलं.

ती गाडीकडे वळली. दार उघडून आत चढली, डाव्या बाकावर बसली. सकाळपासून सिंकमध्ये साचलेलं पाणी जायला लागलं. ती ते जाईपर्यंत बघत होती.

"कुठलं धरलंत?" तिने विचारलं. "शेवटचं?"

"नाही. आजारपणाआधीचं."

"बरं केलंत," ती म्हणाली. आणि मग बराच वेळ पदराशिवाय डोळे कसे पुसायचे या अडचणीत होती, तर मी तिला भांडी पुसायचं फडकं दिलं. फडकं स्वच्छ होतं.

नाक पुसून झाल्यावर तिचा परीक्षा मंडळाचा आवाज परत आला. "मग आता करायचं काय?"

"फरकाच्या निम्मं वजन उजवीकडून डावीकडे न्यायचं. एक बॅटरी बरोबर तेवढी आहे."

"मग न्या की."

"एकट्याने उचलत नाही. बसवताना सुतार होता."

"म्हणजे?"

"म्हणजे एक टोक धर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. मी काय बोललो ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. कुणाकडे काही मागायचं नाही, ही अट होती, आणि आठवडाभर मी वहिनींच्या ताटालासुद्धा हात लावला नव्हता.

"मागताय तुम्ही," ती म्हणाली.

"हो. मागतोय."

तिने टोक धरलं. आम्ही बॅटरी उचलून पलीकडे नेली. मधे एकदा माझ्या पायावर आणि एकदा तिच्या पायावर ठेवली, पण नेली. मी पट्ट्याने बांधली, तारा जोडल्या आणि उजव्या बाकावर बसलो. ती दम खात डाव्या बाकावर बसली.

बाहेरून काच वाजली.

"काटेकाका!" सेक्रेटरींचा आवाज होता. "आता डावीकडे कललीय!"

मुलगी आधी हसली. नंतर मीही हसलो. किती दिवसांनी ते मला सांगता येणार नाही, पण बरगड्या दुखल्या एवढं आठवतं. सेक्रेटरी बाहेर थांबून होते. त्यांना वाटलं, आम्ही त्यांना हसतोय.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. निरीक्षकांनी मला बसवलं आणि समोरून मान वाकडी करून पाहिलं. गाडी सरळ होती. त्यांनी शिक्का मारला आणि विचारलं, "काय बिघाड होता?"

"हिशोबात चूक होती."

"कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. त्यात कमीपणा वाटला नाही, हे नंतर गाडी चालवताना माझ्या लक्षात आलं.

मुलगी आवारात वाट बघत होती. मी तिला शिक्का दाखवला. तिने तो नीट वाचला, तारीख पाहिली, घडी करून परत दिला.

"गाडी पास," ती म्हणाली. "तुम्ही नापास. बॅटरीला मदत मागितलीत."

 वाद घालण्यासारखं काही नव्हतं. घरात सामान असं फार नव्हतंच, कुठून बांधायला घ्यावं याचा मी विचार करत होतो. एवढ्यात ती आपल्या मोटारीकडे गेली आणि एक बॅग घेऊन आली. बॅग गाडीत ठेवली.

"हे काय?"

"फेरपरीक्षा. आवारात बसून कसली आलीय परीक्षा, बाहेर न्यायला नको का गाडी? मी रजा टाकलीय. पर्यवेक्षक म्हणून येतेय."

"आणि जावई?"

"त्यांना सांगितलंय, ती खोली कपडे वाळत घालायला वापरा म्हणून."

"कुठे जायचं?"

"तुम्हाला कुठे बघायचंय?"

 एकदम बरीच उत्तरं आली. ज्या ट्रकांची मी वजनं केली ते पुढे कुठे जायचे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. दगड कुठल्या खाणीतून यायचा, लाकूड कुठल्या डोंगरातून, मीठ कुठल्या किनाऱ्यावरून. पावतीवर गावांची नावं लिहिली होती, गाव एकही पाहिलं नव्हतं. मी तिला ते सांगायला लागलो, तर तिने हात वर केला.

"बाबा, वाटेत सांगा. आधी ती बॅटरी परत तुमच्या बाजूला घ्या. मी बसणार आहे डावीकडे."

बरोबर होतं. मला सुचायला हवं होतं. मी पट्टा सोडला, तारा काढल्या.

"धर," मी म्हटलं. तिने धरलं.

आम्ही फाटकाशी आलो तेव्हा सेक्रेटरी तिथे होते. त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून चाकांच्या रेषेत बराच वेळ पाहिलं. त्यांना बोलायला काही सापडेना. म्हणून त्यांनी फाटक उघडलं.